परहेजाची गोष्ट : गुलाबाच्या जुकामापासून शेंगदाण्यापर्यंत

आपल्या मराठी मुस्लिम घरांत आजारपणाबरोबर एक शब्द हमखास येतो. तो म्हणजे परहेज. मुलाला खोकला झाला की केळी बंद, अंगावर पित्त उठले की अंडे आणि मच्छी बंद, दमा असला की दही बंद. हे परहेज कोणी सांगितले, कशावरून सांगितले आणि ते कधी संपणार, असे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. दादी म्हणाली, शेजारीण म्हणाली, एखाद्या हकीमसाहेबांनी कधीकाळी सांगितले होते, एवढ्यावर मूल वर्षानुवर्षे अंड्यावाचून वाढते. उलट, ज्याला खरोखरच एखाद्या पदार्थाने जिवावर बेतू शकते त्याला दावतीत आग्रहाने तोच पदार्थ वाढला जातो. ‘एक घास खाल्ल्याने काय होते?’ असे आपण सहज बोलून जातो.

आज आपण ज्याला ॲलर्जी म्हणतो तिचा इतिहास हा एका अर्थाने या परहेजाचाच इतिहास आहे. कशापासून दूर राहावे, का राहावे आणि केव्हा दूर राहू नये, हे समजायला माणसाला हजार वर्षे लागली. या प्रवासाची सुरुवात आपल्याला परक्या नसलेल्या एका भाषेत, अरबीत, झालेली दिसते.

बल्खी, राझी आणि गुलाब

‘ॲलर्जी’ हा शब्द जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. तिच्या खुणांना मात्र आपल्या बोलीत जुनी नावे आहेत. अंगावर पित्त उठते, गांधी येतात, बिबा उततो, दमा लागतो, जुकाम होतो. यातला दमा हा फारसी ‘दम’ म्हणजे श्वास या शब्दावरून आला आणि जुकाम हा अरबी ‘झुकाम’. नावे होती, पण या सगळ्या एकाच घरातल्या बहिणी आहेत हे कोणाला ठाऊक नव्हते.

हा झुकाम शब्द एका जुन्या अरबी निबंधाच्या शीर्षकातच आहे. अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया अल्-राझी (सुमारे ८६५ ते ९२५) हे इराणातील रय शहराचे वैद्य. रय आणि बगदाद येथील रुग्णालयांचे ते प्रमुख होते. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे स्पष्ट करणारा त्यांचा ग्रंथ वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यांच्याच काळात बल्ख येथे अबू झैद अल्-बल्खी हे मोठे विद्वान होते. भूगोल हा त्यांचा विषय होताच, शिवाय शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावरही त्यांनी ग्रंथ लिहिला. या बल्खींना दर वसंतात गुलाब हुंगला की जुकाम होई. तो का होतो, यावर राझींनी एक स्वतंत्र निबंध लिहिला. ऋतूशी जोडलेल्या नाकाच्या ॲलर्जीचे हे अगदी सुरुवातीच्या वर्णनांपैकी एक मानले जाते.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. गुलाब ही सर्वांना आनंद देणारी वस्तू. ती एका माणसाला त्रास देते, हे ऐकून वैद्याला हसता आले असते. राझी हसले नाहीत. रुग्ण म्हणतो ते खरे मानून त्यांनी कारण शोधले. दुसरी गोष्ट अशी की, त्रासाची वेळ आणि त्रासाची वस्तू या दोन्हींची नोंद त्यांनी घेतली. आजच्या ज्ञानाने पाहता गुलाबाचे पराग जड असतात, ते कीटकांमार्फत जातात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. बल्खींना त्रास देणारे पराग कदाचित त्याच ऋतूत फुलणाऱ्या गवताचे किंवा झाडांचे असतील. कारण सांगताना राझींजवळ त्या काळचे दोषांचे शास्त्र होते, पराग दाखवणारे सूक्ष्मदर्शक नव्हते. तरीही निरीक्षणाची दिशा बरोबर होती.

पुढे बाराव्या शतकात, सलाहुद्दीन अय्युबीच्या काळातल्या इजिप्तमध्ये, मूसा इब्न मैमून या ज्यू वैद्याने दम्यावर अरबीत ग्रंथ लिहिला. चाळिशीच्या आसपासच्या एका अमीर रुग्णासाठी तो लिहिलेला आहे. त्यात जालीम औषधाचा दावा नाही. हवा, आहार, झोप, मनाची स्थिती यांची शिस्त आहे. शहराच्या कोंदट हवेविषयी त्याने लिहिले ते आजही वाचण्यासारखे आहे. मुस्लिम राजवटीत एक ज्यू हकीम अरबीत लिहितो आणि त्याचा ग्रंथ पुढे हिब्रू आणि लॅटिनमध्ये जातो. ज्ञानाची ही देवघेव आपण विसरता कामा नये.

गवताचा ताप आणि पतंग उडवणारा डॉक्टर

यानंतर मोठी उडी घेऊन आपल्याला एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये यावे लागते. १८१९ साली जॉन बॉस्टॉक या डॉक्टरने लंडनच्या वैद्यकीय सभेत एक रुग्ण मांडला. दर उन्हाळ्यात डोळे लाल होतात, शिंका येतात, छाती भरते, अशी त्याची तक्रार होती. तो रुग्ण म्हणजे स्वतः बॉस्टॉकच होता. लहानपणापासून त्याला हा त्रास होता. १८२८ मध्ये त्याने असे आणखी रुग्ण गोळा करून लिहिले. लोक या आजाराला ‘गवताचा ताप’ म्हणू लागले होते. बॉस्टॉकला ते पटत नव्हते. त्याने दोष उन्हाला दिला.

लोकांचे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ होते, हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरने दाखवले. त्यालाही हाच त्रास होता. त्याने गवताचे पराग स्वतःच्या नाकात घातले, कातडीवर ओरखडा काढून त्यावर ठेवले आणि काय होते ते पाहिले. ओरखड्यावर गांधी उठली. आज ॲलर्जीच्या डॉक्टरकडे हातावर जी टोचणी-चाचणी होते, तिचे मूळ इथे आहे. हवेत पराग किती उंचीपर्यंत असतात हे पाहण्यासाठी त्याने चिकट काचा लावून पतंग उडवले. १८७३ साली त्याचे पुस्तक निघाले. त्यात त्याने एक कोडेही नोंदवले. शेतकरी तर दिवसभर परागात वावरतात, पण त्यांना हा त्रास फारसा होत नाही. शहरातल्या सुशिक्षितांना मात्र तो होतो. ज्याचा संपर्क जास्त त्याला रोग कमी, हे कसे? या कोड्याचा धागा पुढे शेंगदाण्यापाशी पुन्हा हाती लागणार आहे.

कवच उलटते तेव्हा

विसाव्या शतकाच्या आरंभी लस आणि सीरम यांचा जमाना होता. विषाची थोडी मात्रा आधी दिली तर शरीर पुढच्या हल्ल्याला तयार होते, ही समजूत पक्की होती. मोनॅकोचा राजपुत्र आल्बर्ट पहिला याच्या संशोधन-नौकेवर १९०१ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सागरी जीवांच्या विषावर काम सुरू केले. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचले. नेपच्यून नावाच्या एका कुत्र्याला पहिल्या मात्रेने काही झाले नाही. तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा अल्प मात्रा दिली. तो धापा टाकू लागला, ओकला आणि अर्ध्या तासाच्या आत मेला. अपेक्षा संरक्षणाची होती, घडले उलटे. रिशेने या प्रकाराला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव १९०२ मध्ये दिले. १९१३ चे नोबेल पारितोषिक त्याला या कामासाठी मिळाले.

इकडे व्हिएन्नाच्या बालरुग्णालयात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे डॉक्टर घटसर्पाच्या मुलांना घोड्याचे सीरम देत होते. काही मुलांना काही दिवसांनी ताप, पुरळ आणि सांधेदुखी होई. दुसऱ्यांदा सीरम दिले तर हाच त्रास लवकर होई. पिर्केच्या लक्षात आले की हा आजार सीरममध्ये नाही. तो सीरम आणि शरीर यांच्या भेटीत आहे, आणि पहिल्या भेटीची आठवण शरीर ठेवते. या ‘बदललेल्या प्रतिसादा’साठी त्याने १९०६ साली दोन ग्रीक शब्द जोडून ‘ॲलर्जी’ हा शब्द तयार केला. परागाने येणारी शिंक, मधमाशीच्या दंशाने येणारी मूर्च्छा आणि एखाद्या पदार्थाने उठणारे पित्त हे सगळे त्याने एका छताखाली आणले.

दोष गुलाबाचा नाही, अंड्याचा नाही, आणि त्या माणसाचाही नाही. म्हणूनच ‘मला तर काही होत नाही, तुलाच कसे होते?’ हा प्रश्न फोल आहे.

त्या भेटीत नेमके काय घडते, हे कळायला आणखी साठ वर्षे गेली. १९६६ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पती-पत्नीने रक्तातील एका अगदी दुर्मीळ प्रतिपिंडाचा माग काढला. त्याच सुमारास स्वीडनमधील योहान्सन आणि बेनिक यांनाही तेच सापडले. १९६८ मध्ये त्याला ‘आयजीई’ हे नाव मिळाले. हे प्रतिपिंड त्वचा, नाक, श्वासनलिका आणि आतडे यांतील मास्ट पेशींवर जाऊन बसते. ओळखीचा पदार्थ पुन्हा आला की या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते. नाकात ते सुटले तर शिंका, त्वचेत सुटले तर गांधी, श्वासनलिकेत सुटले तर धाप, आणि सगळीकडे एकदम सुटले तर रक्तदाब कोसळतो.

आपल्या मातीतले तीन धडे

सगळ्या ॲलर्जी अशा झटपट नसतात. काही दोन-तीन दिवसांनी उमटतात आणि त्यात आयजीईचा नव्हे, तर रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींचा हात असतो. या प्रकाराचे धडे आपल्या मातीतच आहेत.

पहिला बिबा. धोबी कपड्यांवर खूण करण्यासाठी बिब्याचे तेल वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर, नेमके जिथे धोब्याची खूण टेकत असे तिथे, पुरळ उठू लागले. १९४३ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी याचे कारण शोधले. आपल्या आयाबायांना ‘बिबा उतला’ म्हणजे काय हे त्याआधी कितीतरी पिढ्या ठाऊक होते. काजू आणि आंबा ही बिब्याच्याच कुळातली झाडे. कोकणात काजू सोलणाऱ्या बायकांचे हात का सोलवटतात आणि आंब्याच्या चिकाने ओठाशी फोड का येतो, याचे उत्तर या नात्यात आहे.

दुसरा गाजरगवताचा. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात या परदेशी तणाची नोंद झाली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर ते आले असे लोक मानत, म्हणून त्याला ‘काँग्रेस गवत’ असेही नाव पडले. १९७० च्या दशकात पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी या गवताने होणाऱ्या त्वचादाहावर लिहिले. शेतात राबणाऱ्यांचा चेहरा, मान, पापण्या आणि कोपराच्या घड्या जाड आणि काळ्या पडत. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्याने उडते, म्हणून हात न लावताही त्रास होतो. अशा माणसाला अंडे-मच्छी बंद करून काय उपयोग? त्याचे परहेज बांधावर आहे, ताटात नाही.

तिसरा धडा मेंदीचा. तो ईद आणि शादी-ब्याहाच्या दिवसांत आपल्या मुलींना शिकावा लागतो. मेंदीच्या पानाचा रंग तांबूस असतो आणि त्याची ॲलर्जी क्वचितच होते. पण तासाभरात काळाकुट्ट रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा केसांच्या कलपातले ‘पीपीडी’ हे रसायन मिसळलेले असते. त्याने हातावर नक्षीच्या रेषांवरच फोड उठतात. शरीर ही ओळख विसरत नाही. पुढे कधी त्या मुलीने केसांना कलप लावला तर चेहरा सुजू शकतो. नवरीच्या हातावरचा रंग गडद यावा या हौसेपायी तिला जन्मभराची ॲलर्जी देऊ नये.

शेंगदाण्याने शिकवलेले

आता ब्लॅकलीच्या कोड्याकडे वळू. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी वाढू लागली. उपाय म्हणून परहेज सांगितले गेले. २००० साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला की, ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका अधिक आहे त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. तरीही ॲलर्जी काही थांबली नाही. मग २००८ मध्ये लंडनच्या गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण १.८५ टक्के होते, तर इस्रायलमधील ज्यू मुलांत ०.१७ टक्के. इस्रायलमध्ये बाळे दात येण्याच्या वयातच शेंगदाण्याचा तोंडात विरघळणारा फुगीर खाऊ खात होती. ब्रिटनमध्ये आया तो टाळत होत्या.

मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे घेतली. निम्म्यांना शेंगदाण्याचा पदार्थ नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत टाळला. २०१५ साली निकाल आला. टाळणाऱ्यांत ॲलर्जी १७.२ टक्के मुलांना झाली, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. परहेजाने रोग टळत नव्हता, वाढत होता. आतड्यातून झालेली ओळख मैत्रीची ठरते आणि इसबाने फाटलेल्या त्वचेतून झालेली ओळख वैराची ठरते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. त्यानंतर सल्ला बदलला. सहा महिन्यांच्या सुमारास वरचे अन्न सुरू करताना अंडे आणि शेंगदाणा विनाकारण लांबवू नयेत, असे आता सांगितले जाते. अख्खा दाणा मात्र बाळाला कधीच देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. बारीक कूट किंवा पातळ पेस्ट चालते. आणि ज्या बाळाला तीव्र इसब आहे त्याच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावे.

मग आपण काय करावे?

या इतिहासातून निघणारी पहिली गोष्ट म्हणजे परहेज हे नोंदीवर उभे असावे. राझी रुग्णांच्या नोंदी ठेवत. त्यांच्या मृत्यूनंतर त्या नोंदींतून ‘अल्-हावी’ हा प्रचंड ग्रंथ तयार झाला. आपल्याला ग्रंथ लिहायचा नाही, शंभर पानी वही पुरे. मुलाने काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, किती वेळ टिकले, दुसऱ्यांदा खाल्ल्यावरही तसेच झाले का, एवढे लिहावे. खऱ्या अन्न-ॲलर्जीचा त्रास बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांत होतो आणि पुन्हा पुन्हा होतो. दुधाने केवळ पोट फुगणे ही अनेकदा दूध न पचण्याची तक्रार असते, ॲलर्जी नव्हे.

रक्ताच्या महागड्या चाचणीवरही आंधळा विश्वास नको. कर्नाटकात मोठ्या माणसांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चाचणीत दोष दिसणारे २६.५ टक्के होते, पण खाल्ल्यावर संभाव्य ॲलर्जी असणारे फक्त १.२ टक्के. चाचणीचा कागद पाहून वीस पदार्थ बंद केले तर मूल कुपोषित होईल, ॲलर्जी बरी होणार नाही. शिवाय दूध-अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते. म्हणून परहेजाला मुदत असावी आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासली जावी.

दुसरी गोष्ट दम्याची. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज आपल्या वस्त्यांतून अजून गेलेला नाही. इनहेलरमधले औषध थोडे असते आणि थेट श्वासनलिकेत पोहोचते. धाप लागली की तेवढ्यापुरता पंप ओढायचा, हीही पद्धत पुरेशी नाही. सूज कमी करणारे औषधही हवे, यावर २०१९ पासून जागतिक मार्गदर्शन स्पष्ट आहे. जुन्या गाद्या-गोधड्यांत धुळीतले सूक्ष्म किडे असतात. चादरी-उशांचे अभ्रे कडक गरम पाण्यात धुवावेत. लोबान, अगरबत्ती आणि चुलीचा धूर हे ॲलर्जी नसतानाही दमा चेतवतात. दमेकऱ्याच्या खोलीत ते नकोत. रमजानमध्ये दम्याचा रुग्ण औषध सोडून रोजा धरतो आणि रात्री दवाखान्यात पोहोचतो, असेही घडते. आजाऱ्याला नंतर रोजे पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिलेली आहे. रमजानच्या आधीच डॉक्टर आणि जाणकार आलिम या दोघांशी बोलून घ्यावे.

तिसरी गोष्ट जिवाची. एखादा पदार्थ, औषध किंवा मधमाशीच्या दंशानंतर अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप, वारंवार उलटी, चक्कर यांपैकी लक्षणे एकत्र दिसू लागली तर ती ॲनाफिलॅक्सिस आहे. तिथे पित्ताच्या गोळीची वाट पाहू नये. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हा पहिला उपाय. ते स्वस्त आहे आणि आवश्यक औषधांच्या यादीत आहे. रुग्णाला आडवे ठेवावे, पाय वर घ्यावेत. धाप फार असेल तर बसू द्यावे, पण चालवू नये. बरे वाटले तरी काही तास दवाखान्यात थांबावे, कारण झटका परत येऊ शकतो.

आणि शेवटी दावत. आपल्या शिरखुर्म्यात काजू, बदाम, पिस्ता, चारोळी असते. कोरम्याच्या रश्श्यात वाटलेला काजू डोळ्यांना दिसत नाही. कोकणी जेवणात कोलंबीचे एक-दोन तुकडे भाजीतही पडतात. ज्याला हे चालत नाही त्याने तसे सांगणे हा यजमानाचा अपमान नव्हे. आणि यजमानाने ‘यात काय काय घातले आहे’ हे आधीच सांगणे ही मेहमाननवाजीच आहे. गुलाबाने जुकाम होतो म्हणणाऱ्या माणसाचे हजार वर्षांपूर्वी एका तबीबाने गांभीर्याने ऐकून घेतले होते. आपल्या घरातले मूल ‘अम्मी, हे खाल्ले की घसा खाजतो’ असे म्हणते, तेव्हा त्याचेही आपण तसेच ऐकून घ्यावे, वहीत लिहावे आणि मगच परहेज ठरवावे.